विंचवाचं बिऱ्हाड, पण हलकं: डेलिका व्हॅनमध्ये राहायची सोय कशी करावी

पहिल्या उन्हाळ्यात मी गाडीत जे जे बसवलं, त्यातलं निम्मं दुसऱ्या उन्हाळ्यात काढून टाकलं. पंपाचं सिंक गेलं, कपड्यांचं कपाट गेलं, अठरा मिलिमीटर प्लायवूडचा पलंग गेला. इथल्या डोंगरातल्या पेम्बर्टन गावाच्या पुढच्या एका जंगलरस्त्यावर दर खड्ड्याला गाडीची मागची बाजू 'धप्' करून बसत होती. चारही चाकं ओढणारी गाडी घ्यायची ती अशाच रस्त्यांसाठी, आणि आपणच तिच्या पाठीवर कपाटं लादून तिला बसवायची. तेव्हापासून मी वजनाचा हिशेब आधी करते आणि करवत नंतर उचलते. कॅनडाच्या पश्चिम टोकाला, ब्रिटिश कोलंबियात नव्याने असा घाट घालणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. गाडी दुसरी असली तरी बरंचसं लागू पडेल.

गाडी कोणती

इथे डोंगरात जाणाऱ्यांच्या तोंडी मित्सुबिशी डेलिकाचं नाव सारखं असतं. कॅनडात पंधरा वर्षं पूर्ण झालेली परदेशी गाडी आणता येते. अमेरिकेत त्यासाठी पंचवीस वर्षं थांबावं लागतं. डेलिकाचं जुनं मॉडेल एल-४०० म्हणजे उंच, चौकोनी, डिझेलवर चालणारी दणकट गाडी. नंतरची डी:५ जपानमध्ये २००७ च्या जानेवारीत आली, म्हणून २०२२ पासून ती इकडे दिसू लागली. सुरुवातीच्या डी:५ मध्ये २.४ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि सीव्हीटी, म्हणजे टप्प्यांशिवाय आपोआप बदलणारा गिअर आहे. माझी तीच. स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे पुणे-साताऱ्याकडे गाडी शिकलेल्या माणसाचा हात लगेच बसतो. फक्त रस्त्याची बाजू उलटी आहे हे पहिले काही दिवस मनात घोकावं लागतं, आणि ओव्हरटेक करताना शेजारच्याचे डोळे उसने घ्यावे लागतात.

विकत घेताना एक गोष्ट नक्की विचारा: गाडी खरोखर चारही चाकांची आहे ना? डी:५ टू-व्हील ड्राइव्हमध्येही निघाली आहे. पुढच्या सीटांच्या मध्ये २डब्ल्यूडी, ४डब्ल्यूडी ऑटो आणि लॉक असा गोल खटका आहे का, ते बघा. एल-४०० घेत असाल तर खाली वाकून मागच्या हीटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या नळ्या टॉर्च लावून तपासा. त्या गंजून गळतात, पाणी संपतं, इंजिन तापतं आणि मग इंजिनच्या हेडच्या दुरुस्तीचा खर्च येतो. चाकांवरच्या कमानींचा गंजही हात फिरवून बघा. विक्रेत्याला घाई असली तरी आपल्याला नसावी.

४४० किलोंची पुंजी

जपानमध्ये प्रवासी गाडीचं कागदावरचं एकूण वजन काढताना दर माणसी ५५ किलो धरतात. आठ आसनी डेलिकाच्या निर्यात दाखल्यावर रिकामं वजन आणि एकूण वजन यांत म्हणूनच ४४० किलोंचा फरक दिसतो. माणसं, गादी, बॅटरी, पाणी, तांदूळ, सायकली, सगळं या ४४० मध्ये बसवायचं आहे.

आम्ही दोघं कपड्यांसकट १४५ किलो भरतो. उरले २९५. मागच्या सीट काढल्या की त्यांचं वजन आपल्या खात्यात जमा होतं, पण ते मी हिशेबात धरत नाही; ती राखीव ठेव. बिछाना, वीज, थंडपेटी, पाणी आणि स्वयंपाक मिळून १०० किलोंच्या पुढे जायचं नाही, अशी मर्यादा मी घालून घेतली आहे. पलंग गादीसकट ३०, बॅटरी आणि वायरिंग १८, रिकामी थंडपेटी १२, पाणी २०, चूल-भांडी-पेटी १५. झाले ९५. बाकीचं कपडे, शिधा, बूट आणि बर्फाच्या साखळ्या यांच्यासाठी.

घरातला वजनकाटा यासाठी पुरतो. वस्तू हातात घेऊन उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं. एक वही ठेवा आणि आत जाणारी प्रत्येक वस्तू लिहा. अख्ख्या गाडीचं वजन हवं असेल तर कचरा-डेपोचा काटा उपयोगी पडतो. व्हँकूवरच्या आसपासच्या डेपोंत गाडीचं आत जाताना आणि बाहेर पडताना वजन होतं. जुना गालिचा टाकायला जाल तेव्हा ते आकडे टिपून घ्या.

आधी एक रात्र रिकाम्या गाडीत

ही पायरी सगळे गाळतात. मी सांगते, गाळू नका. मागच्या सीट दुमडा, जमिनीवर घरातली गादी टाका आणि जवळच्याच एखाद्या कॅम्पसाइटवर एक रात्र झोपा. डोकं कुठे ठेवलं तर बरं वाटतं, रात्री उठताना कोणाला कोणाच्या अंगावरून जावं लागतं, चष्मा कुठे ठेवला, थंडी खालून आली की काचेतून, हे सगळं त्या एका रात्रीत कळतं. आम्ही डोकं मागच्या दाराकडे ठेवणार होतो. त्या रात्री कळलं की गाडी उतारावर थोडी जरी कलली तरी रक्त डोक्याकडे येतं, आणि डेलिका नाक खाली करून उभी करायला सोयीची जागा क्वचितच मिळते. डोकं पुढे गेलं आणि पलंगाचा सगळा नकाशा बदलला.

सीट काढणं

डी:५ च्या तिसऱ्या रांगेच्या सीट दोन्ही बाजूंना उचलून अडकवता येतात, पण तशाच ठेवल्या तर पलंगाची रुंदी खातात. त्या बोल्ट खोलून काढा. बोल्ट घट्ट असतात. लांब दांड्याचा पान्हा आणि आदल्या रात्री मारलेलं गंज सोडवणारं तेल लागतं. प्रत्येक बोल्ट ज्या भोकातला त्याच नावाच्या पुडीत ठेवा. सीट विकू नका, घरी झाकून ठेवा. पुढे गाडी विकताना त्या लागतील.

काढण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. एक नियम मात्र कोणाला विचारायचा नाही: चालत्या गाडीत बेल्ट नसलेल्या जागी कोणीही बसणार नाही, पलंगावर आडवं तर मुळीच नाही. मूल बरोबर असेल तर दुसऱ्या रांगेतली एक सीट बेल्टसकट राहू द्या आणि पलंग तिच्याभोवती अर्धा करा.

पलंग

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तुमचाही इथेच जावा.

उंची आधी ठरवा. गाडीच्या जमिनीपासून छतापर्यंत मोजा. त्यातून पलंगावर ताठ बसल्यावर आपल्या डोक्यापर्यंत होणारी उंची वजा करा, आणि गादीचे दाबलेले पाच-सहा सेंटिमीटर वजा करा. उरेल ती पलंगाची जास्तीत जास्त उंची. माझ्या गाडीत ती फार नाही, आणि ते बरंच आहे. उंच पलंगाखाली खूप सामान मावतं, म्हणजे खूप सामान भरलं जातं.

आता लाकूड. पलंग १.८५ मीटर लांब आणि १.१५ मीटर रुंद धरा. अठरा मिलिमीटरच्या बर्च प्लायचा केला तर नुसत्या फळीचं वजन साधारण २६ किलो होतं. तीच फळी बारा मिलिमीटरच्या पॉप्लर प्लायची केली तर साधारण १३. निम्मं! पॉप्लर मऊ असतं, म्हणून त्याला दर ४० सेंटिमीटरला खालून आडवी पट्टी द्या. ३८ मिलिमीटर चौरस पाइन इथल्या कोणत्याही लाकूडवखारीत मिळतं आणि तेवढं पुरतं. फळीला चार-पाच सेंटिमीटर व्यासाची भोकं पाडा. वजन थोडं घटतं, पण मुख्य म्हणजे गादी खालून श्वास घेते. अखंड फळीवर गादी ठेवली तर तिसऱ्या सकाळी तिची खालची बाजू ओली लागते आणि महिन्याभरात बुरशीचे काळे ठिपके येतात.

फळी तीन तुकड्यांत कापा. बिजागरी लावून दुमडता आली तर दिवसा बसायला जागा होते आणि खालचं सामान वरून काढता येतं. बिजागरीला छोटे लाकडी स्क्रू नकोत; आरपार बोल्ट, मागे वॉशर आणि नायलॉनचा नट.

पलंग गाडीला कसा धरायचा? सीटच्या बोल्टांची मोकळी भोकं वापरा. ती कंपनीने माणसांचं वजन पेलायला केलेली आहेत. पोलादी कोन आणून सांगाड्याच्या पायांना जोडा आणि कोन त्या भोकांत मूळच्याच बोल्टांनी आवळा. जमिनीला नवीन भोक पाडण्याचा मोह होईल. आधी गाडीखाली जाऊन बघा: पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट, सगळं त्या पातळ पत्र्याच्या खालीच आहे. आमच्या ओळखीतल्या एकाच्या ड्रिलने टाकी अगदी थोडक्यात चुकवली.

हे बांधून ठेवणं शोभेचं नाही. जोराच्या धडकेत सुट्या वस्तूवर तिच्या वजनाच्या वीसपट जोर येऊ शकतो. बारा किलोंची थंडपेटी अडीच क्विंटलची होऊन पाठीत येते. जे जे दोन किलोंच्या वर आहे, त्याला पट्टा, कडी किंवा बोल्ट हवाच.

गादी आठ सेंटिमीटरची, घट्ट फोमची. आणि गोधडी? आजीने शिवलेली गोधडी मी पहिल्या सहलीला नेली होती. उबेला तिला तोड नाही, पण सुती कापड श्वासातला ओलावा पितं आणि इथल्या ओल्या हवेत चार दिवस वाळत नाही. आता सप्टेंबरपर्यंत ती येते. पुढे स्लीपिंग बॅग.

काचा आणि ओल

दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं. ते थंड काचेवर आणि पत्र्यावर जमतं. नवखी मंडळी त्यावर उपाय म्हणून आतली सगळी पॅनेलं काढून लोकर भरायला बसतात. डेलिकासारख्या गाडीत, उन्हाळा-हिवाळ्याच्या कडेच्या सहलींसाठी ते नको. कंपनीचं अस्तर आहे तसं राहू द्या. उष्णता बहुतेक काचांतून जाते आणि डेलिकाला काचा भरपूर आहेत.

प्रत्येक काचेवर पुठ्ठा धरून आकार काढा. चकचकीत बुडबुड्यांची चादर त्या आकारापेक्षा एक सेंटिमीटर मोठी कापा, म्हणजे ती चौकटीत स्वतःच अडकून बसते. आतल्या बाजूला काळं कापड शिवा; बाहेरून गाडी रिकामी वाटते. मागच्या बाजूला मार्करने 'डावी मधली', 'उजवी मागची' असं लिहा, अंधारात उपयोगी पडतं. दोन समोरासमोरच्या खिडक्या बोटभर उघड्या हव्यातच, पाऊस असला तरी. त्यासाठी खिडकीवरचे प्लास्टिकचे पन्हाळे लावून घ्या. जूनमध्ये इथे डास असे असतात की जाळी विसरलात तर सहल तिथेच संपली.

वीज

पहिलं वर्ष वायरिंग करू नका. ५०० ते १००० वॉट-तासांची तयार वीजपेटी घ्या, घरून भरून न्या. आपल्याला खरंच किती लागते हे कळेपर्यंत गाडीत एकही भोक पडत नाही. गाडीतल्या सिगारेट लायटरच्या खाचेतून ती सावकाश भरते, शंभर वॉटच्या आसपास, एवढं ध्यानात ठेवा.

मग कायमची बॅटरी. आमचा दिवसाचा हिशेब असा: कॉम्प्रेसरची छोटी थंडपेटी साधारण ३०० वॉट-तास, दिवे २०, दोन फोन ३०, पंखा २५. म्हणजे ३७५. बारा व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० वॉट-तास देते आणि वजनाला अकरा-बारा किलो असते. तीन दिवस निघतात. त्याच क्षमतेची शिशाची बॅटरी अठ्ठावीस-तीस किलो, आणि तिची निम्मीच वीज वापरायची असते. या गाडीत शिशाचा विचारही नको.

ती चालत्या गाडीतून भरायला मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा, म्हणजे गाडीच्या बॅटरीतून या बॅटरीला योग्य दाबाने वीज देणारी पेटी. ३० अँपिअरचा चार्जर तासाला साधारण ३९० वॉट-तास भरतो, म्हणजे तासभर गाडी चालवली की एक दिवसाची वीज आली. त्यामुळे छतावर सौर पॅनेल मी लावलं नाही. एकाच जागी चार-चार दिवस मुक्काम करत असाल तरच ते लावा.

वायर जाड घ्या. बॉनेटखालच्या बॅटरीपासून मागे पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. सहा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये ३० अँपिअरला ०.८६ व्होल्ट वाटेतच गळतात. सोळाच्या वायरमध्ये ०.३२. आणि फ्यूज: दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत एकेक. चार्जरच्या पुस्तिकेत लिहिला असेल तेवढ्याच आकड्याचा. फ्यूजच्या आधीची वायर कुठे पत्र्याला घासली तर तिला अडवणारं काहीच नसतं. गाडी जळते ती अशीच. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी कडं घाला. हात भरवशाचा नसेल तर हे एवढं काम ऑटो-इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते. आतमध्ये लिथियमचा थर जमून ती कायमची खराब होते. थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारी बॅटरी निवडा आणि ती गाडीच्या आत, पलंगाखाली ठेवा.

चूल, पाणी, ऊब

पाण्यासाठी दहा-दहा लिटरचे दोन कॅन, खाली नळ असलेले. टाकी नको, पंप नको.

स्वयंपाक बाहेर, मागचं दार वर करून त्याच्या आडोशाला. ब्युटेनच्या डब्यावर चालणाऱ्या पसरट शेगड्या स्वस्त असतात, पण ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं. ऑक्टोबरच्या सकाळी चहासुद्धा होत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देतं. आणि तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर न्याच. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, डाळ उघड्या पातेल्यात तासन्‌तास शिजत राहते. कुकरमध्ये तीन शिट्ट्यांत मुगाची खिचडी होते, गॅस वाचतो, आणि नंतर त्याच भांड्यात भांडी धुवायचं पाणी तापतं. मिसळणाचा डबा घरचा नको, अर्ध्या आकाराचा घ्या. हा सगळा अस्वलांचा मुलूख आहे: फोडणी दिली की भांडी, शिधा, कचरा, टूथपेस्टसुद्धा लगेच बंद गाडीत. बाहेर रात्रभर काहीही राहता कामा नये.

गाडीत चूल पेटवायची नाही, उबेसाठीही नाही. इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं तर धूर आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून त्याची सूचना देणारं यंत्र उशाशी हवंच. उबेसाठी शेकायची रबरी पिशवी, झोपण्याआधी पायाशी. शून्य अंशापर्यंत आम्हाला तेवढं पुरलं आहे.

चाकं, आणि पहिली फेरी

चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत चारही टायर सारखे हवेत, एकाच मापाचे आणि जवळपास सारखेच झिजलेले. एकच नवा टायर घातला की त्याचा घेर मोठा, त्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारी यंत्रणा सतत घसरत आणि तापत राहते. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल करा. स्टेपनीतही हवा तपासा. ब्रिटिश कोलंबियातल्या बहुतेक डोंगरी महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत, निदान ३.५ मिलिमीटर खाच उरलेले. चार चाकांची ताकद चढायला आणि निघायला कामी येते. ब्रेक लावताना तुमची गाडी आणि शेजारची साधी गाडी सारखीच घसरते.

जड सामान खाली आणि दोन चाकांच्या मध्ये: बॅटरी, पाणी, डबे. मागच्या दाराशी फक्त हलकं. छतावर शक्यतो काही नाही.

पहिली फेरी खडखडाटाच्या कच्च्या रस्त्यावर करा, दहा-बारा किलोमीटर. लाकडं वाहणारे ट्रक त्या रस्त्यांवर धावत असतात, त्यांना वाट द्या. त्याआधी घरीच एक काम करून ठेवा: पलंगाच्या प्रत्येक नटवर, नटापासून खालच्या पोलादी कोनापर्यंत, नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. परत आल्यावर टॉर्च घेऊन पलंगाखाली शिरा. जिथे रेघ तुटली असेल तो नट फिरला आहे; तो आवळा, जुनी रेघ पुसा आणि नवी ओढा. माझ्या गाडीत पहिल्या फेरीनंतर अकरापैकी चार तुटल्या होत्या, दुसऱ्या फेरीनंतर एक.